तळघरातला बू, तुरुंगातला टॉम

'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात एक वाक्य आहे. पहिल्या दोन वाचनांत ते माझ्या नजरेतून साफ निसटलं होतं. बू रॅडली नावाच्या माणसाने घरात बसल्या बसल्या बापाच्या पायात कात्री खुपसली आहे. शेरीफ येऊन त्याला ताब्यात घेतो, पण गावच्या तुरुंगात टाकायला त्याचं मन धजत नाही. कारण तुरुंगात कृष्णवर्णीय कैदी आहेत, आणि त्यांच्या शेजारी एका गोऱ्या घरातल्या माणसाला कसं ठेवायचं? म्हणून बूला कोर्टाच्या इमारतीच्या तळघरात कोंडतात. लेखिका एवढं एका ओळीत सांगते आणि पुढच्या गप्पांकडे वळते.

तिसऱ्या वेळी मात्र मी तिथेच अडले. तोवर मला ठाऊक होतं की पुढे याच गावच्या तुरुंगात टॉम रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय मजूर येऊन बसणार आहे, आणि ज्या इमारतीच्या तळघरात बूला ठेवलं तिच्याच वरच्या दालनात टॉमवर खटला चालणार आहे.

बू आणि टॉम यांची तुलना करा, हा या कादंबरीवरचा घासून घासून गुळगुळीत झालेला प्रश्न. उत्तरही ठरलेलं: दोघेही निष्पाप, दोघांनाही समाजाने चुकीचं जोखलं, दोघेही पुस्तकाच्या नावातल्या पक्ष्यासारखे. उत्तर चूक नाही. पण त्यात 'गैरसमज' हा शब्द बेमालूम घुसलेला असतो. बूबद्दल गावाचा गैरसमज होता, हे शंभर टक्के खरं. टॉमबद्दल झाला तो गैरसमज होता का? मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच इथे उलगडायचंय. त्यासाठी गोष्ट शेवटापर्यंत सांगावी लागेल. ज्यांना पुस्तक कोऱ्या मनाने वाचायचं असेल त्यांनी आधी ते वाचून यावं, घाई नाही.

हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० मध्ये आली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. गोष्ट घडते १९३३ ते १९३५ या काळात, ऐन महामंदीत, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या मेकॉम्ब नावाच्या काल्पनिक गावात. लेखिकेचं स्वतःचं गाव मनरोव्हिल, मेकॉम्बचा साचा तोच. सांगणारी आहे स्काउट. सुरुवातीला तिला सहावंही पुरं झालेलं नाही. जेम हा तिचा चार वर्षांनी मोठा भाऊ, आणि डिल हा उन्हाळ्यापुरता गावात येणारा मित्र. आई नाही. वडील ॲटिकस फिंच वकील आहेत आणि पोरं त्यांना सरळ नावाने हाक मारतात. घर चालवते कॅल्पर्निया. ती कृष्णवर्णीय आहे.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यावर बूची सावली आहे, दुसऱ्यावर टॉमच्या खटल्याची. दोघं एकमेकांना एकदाही भेटत नाहीत. एकाच पुस्तकात दोन कादंबऱ्या शिवल्यात की काय, असं वाचताना वाटू शकतं. मलाही वाटलं होतं.

गावाचा बागुलबुवा

'बू' हे त्याचं नाव नाहीच. त्याचं नाव आर्थर. 'बू' म्हणजे दाराआडून येऊन आपण 'भॉ' करतो ना, तो आवाज. गावाने एका जित्याजागत्या माणसाचं नावच भीतीचा आवाज करून टाकलं आहे. पोरांच्या माहितीप्रमाणे तो साडेसहा फूट उंच आहे, खारी आणि हाताला लागतील ती मांजरं कच्ची खातो, म्हणून त्याचे हात कायम रक्ताने माखलेले. चेहऱ्यावर वेडावाकडा व्रण, दात पिवळे आणि किडलेले. थंडीच्या लाटेत कुणाची फुलझाडं करपली तर बूने त्यांवर फुंकर घातली असणार. शाळेच्या आवारात रॅडलींच्या झाडाचे पेकन (अक्रोडासारखी फळं) पडतात, पण एकही पोर त्यांना हात लावत नाही. खाल्ले तर मरण ठरलेलं.

यात पोरांची कल्पनाशक्ती आहे, पण मोठी माणसंही मागे नाहीत. एकदा गावात कुणीतरी रात्री कोंबड्या आणि पाळीव प्राणी मारत सुटलं होतं. खरा माणूस सापडला, त्याने तळ्यात जीव दिला, तरी लोकांची नजर रॅडलींच्या घरावरून हटली नाही. पुरावा हातात आल्यावरही संशय तसाच राहतो, ही गोष्ट लेखिकेने इथे विनोदाच्या ओघात सांगून टाकली आहे. पुढे तीच कोर्टात परत येते, तेव्हा कुणी हसत नाही.

खरं काय घडलं होतं? आर्थर तरुणपणी ओल्ड सेरम भागातल्या कनिंगहॅम पोरांच्या नादी लागला. एका रात्री या टोळक्याने उसन्या मोटारीतून चौकात धिंगाणा घातला आणि पकडायला आलेल्या म्हाताऱ्या शिपायाला कोर्टाच्या आवारातल्या संडासात कोंडलं. न्यायाधीशाने सगळ्यांना सरकारी औद्योगिक शाळेत धाडायचं ठरवलं. आर्थरच्या बापाला ते पटेना. मुलगा पुन्हा त्रास देणार नाही, अशी हमी त्याने दिली आणि न्यायाधीशाने ती मानली. ज्यांना शिक्षा झाली त्या पोरांना राज्यातलं उत्तम शिक्षण मिळालं, एक जण तर पुढे इंजिनिअरिंग शिकला. ज्याला सूट मिळाली तो पुढची पंधरा वर्षं कुणाला दिसला नाही. त्यानंतर ते कात्रीचं प्रकरण, मग तळघर, मग पुन्हा तेच घर.

म्हणजे बूला वाळीत टाकलं ते आधी घरच्यांनी. गावाने त्या बंद दारावर आपल्या गोष्टी लिहिल्या.

आणि त्या दाराआडून बू काय करतो? फिंचांच्या पोरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, रॅडलींच्या कुंपणाशी एक ओकचं झाड आहे. त्याच्या ढोलीत पोरांना वस्तू सापडू लागतात. आधी च्युइंगगम. मग जुनी दोन नाणी, घासून चकचकीत केलेली. सुतळीचा गुंडा. साबणातून कोरलेल्या दोन बाहुल्या, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि मुलाच्या केसांची ठेवण हुबेहूब जेमसारखी. शुद्धलेखनाच्या स्पर्धेचं जुनं पदक. शेवटी बंद पडलेलं एक खिशातलं घड्याळ. या यादीकडे नीट पाहिलं की कळतं, हे सगळं कुणाच्या तरी खणातलं सामान आहे. लहानपणी जपून ठेवलेलं. बाहुल्या तेवढ्या नव्या, आणि त्या कोरायला समोरच्या पोरांकडे किती दिवस खिडकीतून बघावं लागलं असेल!

पोरं आभाराची चिठ्ठी लिहितात. ती ठेवायला जातात तर ढोली सिमेंटने बुजवलेली. बूचा मोठा भाऊ नेथन म्हणतो, झाड मरायला टेकलंय, अशा झाडाची भोकं बुजवतात. जेम वडिलांना विचारतो. ॲटिकस झाडाकडे बघून म्हणतो, पानं हिरवीगार आहेत, झाड चांगलं ठणठणीत आहे. त्या संध्याकाळी जेम अंधार पडेपर्यंत बाहेर व्हरांड्यात उभा राहतो. तो आत येतो तेव्हा त्याचा चेहरा रडलेला दिसतो, आणि स्काउट एवढंच नोंदवते की रडण्याचा आवाज मात्र तिला आला नव्हता. संपूर्ण पुस्तकात मला हा प्रसंग सगळ्यांत जास्त लागतो. कोर्टाच्या निकालाहूनही.

एका रात्री रॅडलींच्या तारेत अडकलेली पँट जेम तिथेच टाकून पळाला होता. परत आणायला गेला तर ती घडी करून कुंपणावर ठेवलेली, फाटलेल्या जागी वेडेवाकडे टाके. शेजारचं घर जळत होतं त्या कडाक्याच्या थंडीत स्काउटच्या खांद्यावर कुणीतरी नकळत घोंगडी टाकून गेलं. हळूहळू पोरांच्या डोक्यातला बागुलबुवा विरत जातो. गैरसमज फिटणं म्हणतात ते हेच: माहिती नव्हती, ती तुकड्या-तुकड्यांनी आली, मत बदललं.

उजव्या डोळ्यावरचा मार

टॉमची गोष्ट सरळ उलटी आहे. त्याच्याबद्दल माहितीची कमतरता कुठेच नाही.

टॉम पंचवीस वर्षांचा शेतमजूर. बायको हेलन, तीन मुलं. लहानपणी कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रात डावा हात सापडला. तो हात उजव्यापेक्षा फूटभर आखूड आणि निकामी आहे. आरोप बलात्काराचा. फिर्यादी मेयेला युएल, वय एकोणीस, आणि तिचा बाप बॉब, गावाच्या उकिरड्यालगत राहणारं दारुडं, आळशी ध्यान. अलाबामात या गुन्ह्याला तेव्हा फाशीची, म्हणजे प्रत्यक्षात विजेच्या खुर्चीची, शिक्षा होऊ शकत असे.

ॲटिकस कोर्टात जे करतो ते फार साधं आहे. तो शेरीफला विचारतो, मेयेलाचा कुठला डोळा सुजला होता? शेरीफ आधी गोंधळतो, मग सांगतो, उजवा. समोरासमोर उभ्या माणसाने मारलं तर उजव्या डोळ्यावर बसतो तो मारणाऱ्याचा डावा हात. मग ॲटिकस बॉब युएलला कागदावर नाव लिहायला सांगतो. बॉब डाव्या हाताने लिहितो. मेयेलाच्या गळ्याभोवती सगळीकडून बोटांचे वळ होते, म्हणजे दोन्ही हात लागले असणार. मग टॉमला उभं करतात. शपथ घेताना बायबलवर ठेवलेला त्याचा डावा हात आपोआप घसरून खाली पडला होता. ते सगळ्या दालनाने पाहिलं. डॉक्टरला कुणी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे वैद्यकीय पुरावा शून्य.

वकिली डावपेच, छुपे साक्षीदार, शेवटच्या क्षणी उघड होणारं रहस्य, यातलं काही नाही. सुजलेला डोळा कुठल्या बाजूचा होता, एवढ्यावर खटला संपायला हवा होता.

टॉमची साक्ष त्याहून सरळ. तो रोज कामावर जाता-येता युएलांच्या घरावरून जायचा. मेयेला काही ना काही काम सांगायची, हा करून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही, कारण तिच्याकडे द्यायला पैसेच नाहीत हे दिसत होतं. त्या दिवशी घरात एकही पोर नव्हतं. तिने वर्षभर नाणी साठवून सगळ्यांना आइस्क्रीम खायला पाठवलं होतं. तिनेच त्याला मिठी मारली. बापाने खिडकीतून पाहिलं. टॉम पळाला.

सरकारी वकील गिल्मर विचारतो, तू तिची कामं फुकट का करायचास? टॉम म्हणतो, मला तिची कीव यायची.

झालं. दालनातली हवा त्या एका वाक्याने बदलते. टॉमला स्वतःलाही कळतं की चूक झाली. गोऱ्या बाईची कीव करायची, म्हणजे तिच्याकडे वरून खाली पाहायचं, आणि तेही एका कृष्णवर्णीय मजुराने? युएल कुटुंब गावात सगळ्यांत खालच्या पायरीवर आहे, त्यांना कुणी घरात घेत नाही, पण टॉमपेक्षा ते एक पायरी वर आहेत हे गावाचं गणित. टॉमच्या सहानुभूतीने ते गणितच उलटं केलं. ज्युरीने शिक्षा दिली ती मला याच गुन्ह्याची वाटते. हातांच्या हिशेबाकडे त्यांनी बहुधा कानाडोळाही केला नसेल. तो त्यांना समजला होता.

रात्रीचे अकरा वाजून गेल्यावर ज्युरी परत येते. बारा गोरे पुरुष, बहुतेक शेतकरी. ज्याला दोषी ठरवलं त्या आरोपीकडे ज्युरी कधी बघत नाही, असं स्काउटने ऐकलेलं असतं. एकही जण टॉमकडे बघत नाही.

हे काही लेखिकेच्या कल्पनेतलं टोक नव्हे. १९३१ मध्ये अलाबामातच स्कॉट्सबरो इथे दोन गोऱ्या तरुणींच्या आरोपावरून नऊ कृष्णवर्णीय मुलांवर खटला चालला. बहुतेक सगळे विशीच्या आतले. संपूर्ण गोऱ्या ज्युरींनी आठ जणांना फाशी सुनावली. प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९३२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की आरोपींना वकिलाची खरी मदत मिळालीच नाही, आणि १९३५ मध्ये, की ज्युरीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळणं घटनाबाह्य आहे. एका तरुणीने मधल्या काळात कोर्टात उभं राहून आरोप खोटा असल्याचं सांगितलं, तरी पुढच्या ज्युरीने पुन्हा दोषी ठरवलं. कादंबरीतला खटला याच वर्षांत घडतो. बायकांनाही अलाबामात ज्युरीवर बसता येत नसे, ते व्हायला १९६६ उजाडलं.

केक आणि गोळ्या

आता दोघांना शेजारी ठेवून पाहा.

बू अंधारात आहे. त्याच्याविषयी जे काही वाईट बोललं जातं ते तो दिसत नाही म्हणून. टॉम भर उजेडात आहे. गच्च भरलेल्या दालनात, शपथेवर, त्याचा हात, त्याचा स्वभाव, त्याची दिनचर्या सगळ्यांसमोर मांडली गेली. तरी निकाल फिरला नाही. बूच्या बाबतीत गावाला ठाऊक नव्हतं. टॉमच्या बाबतीत ठाऊक असून चाललं.

म्हणून 'दोघांबद्दलही गैरसमज' हे वाक्य मला खटकतं. गैरसमजावर उपाय असतो: माणूस भेटला, बोलला, दिसला की तो फिटतो. टॉम भेटला, बोलला, दिसला, आणि त्यानेच तो अडकला. गप्प बसला असता तरी सुटला नसता, हा भाग वेगळा.

पुस्तकातच याचा पुरावा आहे, आणि तो शेरीफ हेक टेटच्या तोंडी येतो. शेवटच्या रात्री, हॅलोविनच्या कार्यक्रमाहून परतताना बॉब युएल पोरांवर चाकू घेऊन धावतो. बू घराबाहेर येतो, पोरांना वाचवतो, बॉब मरतो. शेरीफ ठरवतो की बॉब स्वतःच्याच चाकूवर पडला, असं जाहीर करायचं. का? खरं कळलं तर गावातल्या सगळ्या बायका, त्यात त्याची स्वतःची बायकोसुद्धा, केक घेऊन बूच्या दारात रांग लावतील, आणि अशा लाजऱ्या माणसाला प्रकाशझोतात ओढणं हे पाप आहे, असं त्याचं म्हणणं.

केक! एका माणसाला मारणाऱ्याला गाव केक देईल, याची शेरीफला खात्री आहे. बू दिसला की गाव त्याला डोक्यावर घेणार. टॉम दिसला तेव्हा गावाने काय केलं ते सांगितलंच. तुरुंगाच्या शेतीवर असताना टॉम कुंपणावरून पळायचा प्रयत्न करतो आणि पहारेकरी त्याला मारतात. अंगात सतरा गोळ्या. पहारेकऱ्यांचं म्हणणं असं की दोन्ही हात धड असते तर तो निसटला असता, एवढ्या वेगाने चालला होता. कोर्टात ज्या हाताने त्याला वाचवायला हवं होतं, त्याच हाताने कुंपणावर घात केला. गावात दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो.

ॲटिकसबद्दल इथे थोडं बोलायलाच हवं. कोर्ट ही एकच जागा अशी आहे जिथे सगळी माणसं समान असतात, हे तो ज्युरीला कळवळून सांगतो. तोच शेवटच्या रात्री आधी हटून बसतो की सगळं रीतसर कोर्टापुढे यायला हवं (त्याला वाटतं जेमनेच बॉबला मारलं), आणि बूचं नाव लक्षात आल्यावर शेरीफचं ऐकतो. मीही वाचताना सुटकेचा श्वास सोडते, खोटं कशाला बोलू. पण मग तळघर आठवतं. बूच्या आयुष्यात कायदा तीनदा आला: संडासात शिपाई कोंडला तेव्हा, कात्री खुपसली तेव्हा, आणि बॉब मेला तेव्हा. तिन्ही वेळा कुणी ना कुणी म्हणालं, जाऊ दे, आपला माणूस आहे. टॉमच्या आयुष्यात तो आधी एकदा आला होता, एका मारामारीपायी. त्यात दुसऱ्यानेच त्याच्यावर वार केला होता, तरी दंड भरायला पैसे नाहीत म्हणून तीस दिवसांची शिक्षा त्याने भोगली. सरकारी वकिलाने ती जुनी शिक्षाही त्याच्याविरुद्ध वापरली.

मिस्टर आणि पोरा

हाक कशी मारली जाते याकडे या पुस्तकात लक्ष ठेवावं. शेवटी बू दाराआड भिंतीला टेकून उभा असतो. उन्हाला न सरावलेले पांढरेफटक हात, करडे डोळे. स्काउट त्याला ओळखते आणि तोंडातून आधी 'बू' निघतं. ॲटिकस लगेच सुधारतो: मिस्टर आर्थर. पुढे ती तसंच म्हणते. बागुलबुवाचा 'अहो' झाला.

टॉम तीन मुलांचा बाप आहे. सरकारी वकील उलटतपासणीत त्याला 'बॉय' म्हणतो. मराठीत म्हणायचं तर 'ए पोरा'. हे ऐकून छोट्या डिलला रडू फुटतं आणि त्याला बाहेर न्यावं लागतं. रडण्याचं कारण त्याला धड सांगता येत नाही. त्या बोलण्याने पोटात कसंतरी झालं एवढंच तो सांगतो. आणि मेयेलाला ॲटिकस 'मिस मेयेला' म्हणतो तर ती चिडते, हा माझी टिंगल करतोय म्हणून. तिला आयुष्यात तसं कुणी म्हटलेलंच नसतं.

मेयेलाविषयी स्काउट एक गोष्ट बोलून जाते, जी मला पुस्तकातली सगळ्यांत हुशार तुलना वाटते. साक्ष ऐकता ऐकता तिच्या मनात येतं की ही जगातली सगळ्यांत एकटी मुलगी असावी, पंचवीस वर्षं घराबाहेर न पडलेल्या बू रॅडलीपेक्षाही एकटी. म्हणजे सात-आठ वर्षांच्या पोरीने बूची जोडी लावली ती टॉमशी नाही, मेयेलाशी. आणि ते बरोबरच आहे. तिच्या अंगणातल्या घाणीत फुटक्या भांड्यांत लावलेले लालभडक जिरेनियम होते, बूच्या ढोलीत साबणाच्या बाहुल्या होत्या. एकाकीपण दोघांचं आहे.

टॉम एकाकी नाही. 'बहिष्कृत' शब्द त्याला लावताना हे विसरलं जातं. त्याच्याकडे संसार आहे, मालक लिंक डीज आहे जो भर कोर्टात उठून त्याची बाजू घेतो आणि न्यायाधीशाकडून बाहेर हाकलला जातो. त्याच्याकडे फर्स्ट पर्चेस नावाचं चर्च आहे, गुलामगिरीतून सुटलेल्यांनी पहिल्या कमाईतून बांधलेलं. हेलनला कुणी कामावर घेत नाही म्हणून तिथले रेव्हरंड साइक्स वर्गणी गोळा करतात, आणि दहा डॉलर भरेपर्यंत चर्चचं दार लावून घेतात. कुणालाच बाहेर जाऊ देत नाहीत. स्वतःच्या माणसांत टॉम कुणाला परका नव्हता. एका आख्ख्या वस्तीलाच उकिरड्यापलीकडे ठेवलं होतं, त्यातला तो एक. बूचं दार उघडलं तर बू सुटतो. टॉमच्या बाबतीत उघडायचं असं एक दारच नाही.

पक्ष्याची उपमा कुठवर पुरते

मॉकिंगबर्ड हा उत्तर अमेरिकेतला पक्षी. इतर पक्ष्यांच्या गाण्यांच्या नकला करण्यात पटाईत. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'अनेक भाषा बोलणारा नकलाकार'. पोरांना छऱ्यांच्या बंदुका मिळतात तेव्हा ॲटिकस बजावतो की या पक्ष्याला मारणं पाप आहे. शेजारच्या मिस मॉडी कारण सांगतात: तो बागा खात नाही, कणगीत घरटं करत नाही, नुसता आपल्यासाठी गातो.

ही उपमा पुस्तकात थेट वापरली जाते ती बूसाठी. शेरीफचं म्हणणं ऐकून स्काउट म्हणते, त्याला उघड करणं म्हणजे मॉकिंगबर्डला मारण्यासारखंच नाही का? टॉमसाठी जवळपास तीच उपमा स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक अंडरवुड अग्रलेखात वापरतो, गाणाऱ्या पक्ष्यांच्या निरर्थक हत्येची.

बूला ती शोभते. तो खरंच झाडाआडचा पक्षी आहे. अख्ख्या पुस्तकात एकदाच, जेमतेम कुजबुजत बोलतो. टॉमला ती तोकडी पडते. पक्ष्याला इच्छा नसते, मत नसतं. टॉमने मदत करायचं ठरवलं, खरं बोलायचं ठरवलं, आणि शेवटी अपिलाची वाट न बघता पळायचं ठरवलं. गोऱ्यांच्या न्यायावर त्याने आपल्यापुरता निकाल दिला होता. त्याला निरुपद्रवी पाखरू म्हटलं की त्याचा हा निर्णय पुसला जातो, आणि जणू तो गरीब, नम्र, अपंग होता म्हणूनच त्याच्यावरचा अन्याय हा अन्याय ठरतो. उद्धट, धडधाकट असता तर? या पुस्तकावर गेली काही वर्षं हाच आक्षेप येतो, की टॉम आपल्याला नेहमी बाहेरून दिसतो, एका गोऱ्या मुलीच्या नजरेतून, आणि गोष्ट शेवटी तिच्या शहाणं होण्याची ठरते. आक्षेप मला मान्य आहे. पुस्तक तरी आवडतं. दोन्ही एकदम होऊ शकतं.

निकालानंतर जेम म्हणतो, बू इतकी वर्षं आत का बसलाय ते मला आता कळायला लागलंय. त्याला आतच राहायचंय. दोन कादंबऱ्यांची शिवण मला इथे दिसली. टॉमच्या खटल्याने पोराला बूचं दार समजलं.

कादंबरीची सुरुवात जेमच्या मोडलेल्या हाताने होते. बॉब युएलच्या हल्ल्यात कोपरापाशी मोडलेला तो हात जुळतो, पण थोडा आखूड राहतो. डावाच. वाचणारा तेव्हा टॉमला ओळखत नसतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी बू स्काउटला म्हणतो, मला घरी सोडशील? ती त्याचा हात असा दुमडून धरते की पाहणाऱ्याला वाटावं, तोच तिला सोबत नेतोय. त्याला घरात सोडून ती रॅडलींच्या व्हरांड्यात उभी राहते आणि तिथून आपली गल्ली पाहते. शेजाऱ्यांची घरं, पोस्टाचा कोपरा, आपलं घर, सगळे ऋतू, सगळे खेळ, त्याच्या खिडकीतून कसे दिसले असतील तसे.

टॉम गेल्याची बातमी सांगायला ॲटिकस आणि कॅल्पर्निया हेलनकडे गेले तेव्हा जेम आणि डिल बरोबर होते. गाडीतून उतरायचं नाही, या अटीवर. हेलन दारात आली, यांचे चेहरे पाहिले, आणि कुणी काही बोलायच्या आत मातीत कोसळली. स्काउटने ते पाहिलेलंही नाही. तिला डिलने सांगितलं. टॉमच्या दारातून मेकॉम्ब कसं दिसतं, ते पुस्तकात कुठेच येत नाही.